पस्तीस वड्या आणि एक पुडकं

सोमवार, ६ मार्च

डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब रोज मोजा आणि लिहून ठेवा. लेकीने त्यासाठी ही वही पाठवली. फोनवर म्हणाली, "बाबा, नुसते आकडे नका लिहू, मनात येतं तेही लिहा. दिवसभर आईच्या कानाशी जे चालू असतं ना, ते वहीला सांगा. आईला जरा उसंत मिळेल." मी सातवीपर्यंत शिकलो. एवढं लिहिणं कसं होणार कोण जाणे. शिवाय लिहिलेलं कुणाच्या हाती लागलं तर? वही कॉस्टिक सोड्याच्या पिंपामागे ठेवायची असं ठरवलंय. तिथे कुणी हात घालत नाही.

आज दीडशे आणि पंच्याण्णव.

सकाळी एक नवीन गिऱ्हाईक आलं. तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट. सहा वड्या घेतल्या आणि पक्की पावती मागितली. पावतीवर साबणाचं नाव मुद्दाम घालायला लावलं, "साधा साबण, सहा नग". जाताना पाटीचा फोटो घेतला. मी म्हटलं, पाटी फार जुनी झालीय हो. तर म्हणाला, "काका, तेच तर छान आहे." बरं वाटलं. ही आतून बघत होती. म्हणाली, "वडी नाकाला न लावता साबण घेणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला." हिला माझं कुणी कौतुक केलेलं बघवत नाही.

शुक्रवार, १० मार्च

दीडशे, नव्वद.

साबणाचा नवा घाणा साच्याच्या पेटीत ओतला. उद्या तारेने कापायचा, शिक्का मारायचा आणि मग सहा आठवडे मागच्या खोलीत मुरत ठेवायचा. घाई केली की साबण हाताला चावतो. छत्तीस वर्षं हेच करतोय, तरी प्रत्येक घाण्याला वाटतं की यंदा बिघडणार.

मागच्या खोलीत वरची फळी आहे. दर वर्षीच्या पहिल्या घाण्यातली एक वडी मी तिथे ठेवतो. मागच्या बाजूला खिळ्याने साल कोरतो. साबण किती वर्षं टिकतो, तडा कधी जातो, रंग कसा उतरतो, ते त्यावरून कळतं. तशा पस्तीस वड्या आहेत. पहिल्या वर्षीची वडी नाही, तिच्या जागी एक लाखेची मोहोर लावलेलं पुडकं आहे. त्याबद्दल लिहायला नको. आठवलं तरी आकडा वाढेल.

मंगळवार, १४ मार्च

एकशे सत्तर, एकशे पाच. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा जास्त आलं म्हणून पहिलं लिहिलंय.

रजिस्टर पत्र आलं. पोस्टमनने हिची सही घेतली. माझा चष्मा सापडेना, म्हणून हिनेच वाचून दाखवलं. मोठ्या साबण कंपनीच्या वकिलाची नोटीस. चौकातल्या मोठ्या फलकावर तो राखाडी खोक्यातला महागडा साबण दिसतो ना, ती कंपनी. आमच्या साबणाच्या नावातला पहिला शब्द त्यांच्या मालकीचा आहे म्हणे. त्यांनी तो सरकारात नोंदवलाय. पंधरा दिवसांत तो शब्द वापरणं बंद करा, तो शब्द असलेला सगळा माल, छापील कागद आणि शिक्के नष्ट करा, सोबतच्या हमीपत्रावर सही करून पाठवा. नाही तर दिवाणी आणि फौजदारी कारवाई होईल आणि परिणामांना तुम्ही सर्वस्वी जबाबदार राहाल.

ही तेवढ्याच आवाजात पुढे वाचत गेली. मी म्हटलं, थांब, फौजदारी म्हणजे पोलीस ना? ती म्हणाली, "वाचू तर द्या पुरतं." मग दुसऱ्यांदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "जेवून घ्या, भाजी निवतेय."

नोटिशीसोबत आमच्याच दुकानाच्या पाटीचा फोटो जोडलाय. आणि माझ्या अक्षरातली पावती. सहा नग.

बुधवार, १५ मार्च

तो शब्द या वहीत यापुढे लिहायचा नाही असं ठरवलंय. आधीच्या पानांवर एकदा लिहून बसलोय, ते खोडावं का? खोडलं तर खोडलेलं दिसतं.

एखादा शब्द कुणाच्या मालकीचा झाला की किती वेळा तोंडात येतो ते कळतं. डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, "घाबरू नका, हे दडपण आहे," आणि दडपणाच्या आधी तोच शब्द लावला. मी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर दोन अनोळखी माणसं बसली होती. घरी हिने विचारलं, "भाजी कशी झालीय?" नेहमी मी तो शब्द म्हणतो. आज म्हटलं, बरी आहे, तिखटमीठ बेताचं आहे, भपका नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आजारी पडू नका आता," म्हणाली.

आणि तो शब्द हिचाच आहे. पहिल्या वर्षी रंग घालायला ऐपत नव्हती, अत्तर परवडत नव्हतं. कुणी विचारलं, हा कुठला साबण, तर मला काही सुचेना. ही पोत्यावर बसून वड्या पुसत होती. तिने मान वर न करता तो शब्द म्हटला. झालं, तेच नाव पडलं. नोटिशीत लिहिलंय, आम्ही त्यांची नक्कल केली.

दुपारी ही पिशवी घेऊन बाहेर गेली. दोन तासांनी आली. पिशवीत चार वांगी.

शुक्रवार, १७ मार्च

एकशे पासष्ट, शंभर.

नवीन नाव शोधायला बाजारात गेलो. मोठ्या दुकानात साबणांच्या रांगेपुढे उभा राहून एकेक खोकं वाचलं. शुद्ध आहे. ताजा आहे. कोवळा आहे. घर, पहाट, माया, सगळे शब्द कुणी ना कुणी घेतलेत. एका खोक्यावर नुसतं "चांगला" लिहिलंय. दुकानातला माणूस मागे येऊन उभा राहिला. "आजोबा, काय हवंय?" मी म्हटलं, काही नाही, वाचतोय. तो म्हणाला, "ग्रंथालय पुढच्या गल्लीत आहे." दोन मुली हसल्या.

घरी येऊन कागदावर नुसतं "साबण" लिहून पाहिलं. त्याचीही खात्री वाटेना.

लेकीचा फोन आला. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीची धाकटी बहीण वकील झालीय, तिच्याकडे जा म्हणते. मी म्हटलं, त्यांच्याकडे मोठे वकील, आपल्याकडे धाकटी बहीण. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "बुधवारी जायचं ठरलंय." म्हणजे मला विचारलंच नाही.

आजही ही पिशवी घेऊन गेली. मेथीची एक जुडी आणायला दीड तास लागतो? ती भावाकडे जात असावी. या वयात माझ्यापायी पोलीस दारात येणार म्हटल्यावर माहेरची वाट धरली तर तिला दोष कसा देऊ?

रविवार, १९ मार्च

आज एक काम उरकलं. बरोबर केलं की चूक ते कळत नाही. पण काहीतरी केलं.

नोटिशीत स्पष्ट म्हटलंय, तो शब्द असलेला सगळा माल नष्ट करा. विक्रीचा माल थोडाच होता, पण फळीवरच्या वड्या? प्रत्येकीच्या पोटावर तो शब्द आणि पाठीवर साल. पोलीस आले तर एका वडीचा एक गुन्हा नाही धरणार, पस्तीस वर्षांचे पस्तीस धरतील. चोराने चोरीचा माल तारखा घालून मांडून ठेवावा तसं मला वाटलं. ही पिशवी घेऊन बाहेर पडल्याबरोबर स्टूल लावलं.

वड्या उतरवताना पहिल्यांदा पुडकं काढायला गेलो, तर पुडकं नाही.

आता त्याचं लिहावंच लागेल. धंद्याच्या पहिल्या वर्षी कुणीतरी तक्रार केली होती की मी साबणात खडूची भुकटी घालतो. सरकारी तपासनीस आला. एकाच घाण्यातले तीन नमुने घेतले, तीन पुडकी बांधली, दोऱ्यावर लाख वितळवून मोहोर लावली. एक प्रयोगशाळेला, एक कचेरीत, एक माझ्याकडे. वर त्याने नमुन्याचं नाव आणि तारीख लिहिली, त्याची सही, माझी सही. म्हणाला, "हे फोडायचं नाही, हरवायचं नाही. वाद झाला तर हेच बघितलं जाईल." तीन महिने मला धड झोप नव्हती. शेवटी साबण निर्भेळ असल्याचा कागद आला, पण पुडक्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. विचारायला जायचा धीर नव्हता. म्हणून ते फळीवर राहिलं. छत्तीस वर्षं त्याच्याकडे न बघता मी त्याच्या शेजारी वड्या ठेवत आलो.

आणि आज त्या जागी धुळीत एक चौकोन. सरकारची मोहोर हरवली. कोणी नेलं? इस्त्रीच्या शर्टवाला मागच्या खोलीत गेला नव्हता. की गेला होता? मी पावती लिहीत असताना त्याने पाणी मागितलं होतं का?

पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. वड्या एकेक करून किसल्या. जुन्या वड्या दगडासारख्या झाल्या होत्या, किसणीवर खरखर वाजत होत्या. एकीचा शिक्का तिरका होता. साल पाहिलं, लेकीच्या जन्माचं. त्या दिवशी शिक्का मारता मारता दवाखान्यातून निरोप आला होता. ती वडी बाजूला ठेवली. मग वाटलं, एक असो की पस्तीस, शब्द तोच. तीही किसली.

सगळा कीस पाणी घालून मंद आचेवर शिजवला आणि पेटीत ओतला. अर्धा तास फार हलकं वाटलं. मग फळी रिकामी दिसायला लागली. तिच्यावर रिकामे डबे ठेवून पडदा ओढला.

सोमवार, २० मार्च

एकशे अडुसष्ट, एकशे दोन.

ही मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दुकानात उभा राहून पन्नासपर्यंत मोजले, मग पुन्हा पन्नास. बाहेर आली तेव्हा किसणी तिच्या हातात होती. म्हणाली, "नीट धुतली नाहीत. आणि ह्या पेटीतल्या घाण्याचा रंग असा का? जुन्या तुपासारखा."

मी म्हटलं, तेल वेगळं आलंय.

"असेल," ती म्हणाली. किसणी उलटी करून पाहिली. "काही सांगायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, काही नाही. तिने किसणी पुन्हा धुतली. फळीचा पडदा तिने उघडला नसावा. उघडला असता तर बोलली असती.

बुधवार, २२ मार्च

वकीलबाई तिशीच्याही नसतील. कचेरी म्हणजे जिन्याखालची एक खोली, पंखा कुरकुर करतो. त्यांनी नोटीस वाचली, मला वाटलं आता चेहरा पडेल. त्या म्हणाल्या, "काका, ह्या कागदात भीती जास्त आणि कायदा कमी आहे. अशा नोटिसा ते गठ्ठ्याने पाठवतात. शंभरातले नव्वद जण घाबरून सही करतात, त्यांचं काम होतं."

मी विचारलं, उरलेल्या दहांचं काय होतं?

त्या हसल्या. ही हसली. मी गंभीरपणे विचारलं होतं.

मग म्हणाल्या, "हा शब्द साबण कसा आहे ते सांगतो. कुणाचा आहे ते सांगत नाही. तो एकट्याचा करून घेणं सोपं नाही. आणि त्यांचा साबण बाजारात येऊन जेमतेम सहा वर्षं झालीत. तुम्ही त्याच्या आधीपासून हे नाव वापरताय एवढं दाखवता आलं तर ते तुम्हाला हात लावू शकत नाहीत. जुनं काही आहे का? नाव आणि साल दोन्ही असलेलं? पावती, वेष्टण, एखादी जुनी वडी?"

एखादी जुनी वडी.

माझ्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं. हिने माझ्याकडे पाहिलं. जुन्या पावत्या दर वर्षी चूल पेटवायला जातात. मी म्हटलं, बघावं लागेल.

"बघा," वकीलबाई म्हणाल्या. "मंगळवारपर्यंत आणा. बुधवारी मुदत संपते."

येताना ही लॉन्ड्रीपाशी थांबली, मला म्हणाली तुम्ही व्हा पुढे. मी पुढे झालो.

गुरुवार, २३ मार्च

मोजलं नाही. मोजायची भीती वाटली.

जे करून पाहिलं ते इथेच लिहितो, दुसरीकडे सांगण्यासारखं नाही. विक्रीतली एक मुरलेली नवी वडी घेतली आणि मागे खिळ्याने वीस वर्षांपूर्वीचं साल कोरलं. चहाच्या पाण्याने पुसली, उन्हात ठेवली, कडा घासून गोल केल्या. दुपारी हातात घेऊन बोटाने ठोकली. जुनी वडी ठोकली की टक् वाजते, लाकडासारखी. ही थप् वाजली. नख लावलं तर ओलं लागलं. साबणातला कुणीही माणूस डोळे मिटून ओळखेल. कंपनीकडे असे पन्नास असतील.

आणि वाटलं, आजवर कुणाला चोर म्हणायला कारण दिलं नव्हतं. नोटिशीने म्हटलं, आणि मी नऊ दिवसांत होऊन दाखवलं. वडी पाण्यात टाकली. साल विरघळायला फार वेळ लागला.

शनिवार, २५ मार्च

हमीपत्रावर सही केली. संपलं. आता कोणी काही बोलायला नको. शिक्का त्यांच्याकडे पाठवून देईन, पाटी उतरवीन, वड्या कोऱ्या विकीन. विकल्या नाही तर नाही. पाकिटावर पत्ता लिहिला, खिशात घातलं आणि ही बाहेर गेल्यावर पोस्टाकडे निघालो.

लॉन्ड्रीवाल्या बाईंनी हाक मारली. पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. "काका, काकू येऊन गेल्या हो. मी लिहून दिलंय, सही पण केलीय. वसतिगृहाच्या बाईंनी पण दिलं. सतरा जण झाले म्हणत होत्या."

मी विचारलं, काय लिहून दिलंय?

"जे खरं ते," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांचं. एकदाचं कळू दे त्यांना." आणि इस्त्री सरकवत हसल्या.

सतरा लोकांनी माझ्याविरुद्ध लिहून दिलं. आणि ते ही गोळा करत फिरतेय. त्या खडूच्या वर्षी एकाच तक्रारीवर तपासनीस आला होता, सतरांवर कोण येईल? लॉन्ड्रीच्या पायरीवर बसलो, बाईंनी पाणी दिलं. पोस्टापर्यंत जाण्याचं त्राणच उरलं नाही. पाकीट खिशातच घेऊन परत आलो.

सोमवार, २७ मार्च

आज हिला सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. चहा पिताना ती म्हणाली, "उद्या वकिलीणबाईंकडे जायचंय. काय काय नेताय?" आणि माझ्या हातातून कप सुटला. मग सगळंच सांगितलं. फळी, किसणी, खोटं साल, खिशातलं पाकीट. पुडकं हरवल्याचंही. शेवटी म्हटलं, तुला जायचं असेल भावाकडे तर जा, मी काही म्हणणार नाही.

"भावाकडे कशाला जाऊ? त्याच्याकडे साबण घेतं कोण?" ती म्हणाली. फरशीवरचा चहा पुसत होती. "किसलंत ते मला त्याच दिवशी कळलं. तुमच्या नखांत पिवळा चुरा होता. म्हटलं, स्वतःहून सांगतात का बघू. आठ दिवस लावलेत."

मग ती उठली, शिलाई मशीनचं झाकण उचललं आणि आतल्या खोबणीतून पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. लाखेची मोहोर शाबूत.

ती म्हणाली, "नोटीस आली त्या दिवशी, तुम्ही जेवत होतात तेव्हाच काढून ठेवलं. चाळीस वर्षं संसार केलाय. घाबरलात की तुमचे हात आधी चालतात, हे मला माहीत नाही?"

मी म्हटलं, मग सगळ्याच वड्या का नाही उचलल्यास?

"फळी रिकामी दिसली असती तर त्या दिवशीच दवाखान्यात न्यावं लागलं असतं तुम्हाला. वाटलं, सरकारची मोहोर तेवढी वाचवावी, वड्यांना हात लावण्याइतका धीर काही यांना होत नाही. तिथे चुकले मी." मग आवाज जरा बदलला. "लेकीच्या सालची तरी ठेवायची होती हो."

मी म्हटलं, ठेवली होती बाजूला. थोडा वेळ.

तिने पाकीट मागितलं. हमीपत्र बाहेर काढलं, चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. माझी सही वरच्या तुकड्यावर होती. ती बघून म्हणाली, "अक्षर मात्र घाबरल्यावर छान येतं तुमचं."

मंगळवार, २८ मार्च

एकशे पन्नास, ब्याण्णव.

वकीलबाईंनी पुडकं दोन्ही हातांनी उचललं. वरचं अक्षर वाचलं, नमुन्याचं नाव, तारीख, सरकारी शिक्का, दोन सह्या. पुन्हा वाचलं. "काकू, हे तुम्ही कुठे ठेवलं होतं?" हिने सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरकारनेच तुमच्या साबणाचं नाव लिहून, तारीख घालून, मोहोर लावून ठेवलंय. ह्याहून जास्त मी काय मागू?"

मी विचारलं, फोडावं लागेल का?

"अजिबात नाही."

एवढं ऐकून बरं वाटलं. मग हिने पिशवीतून सतरा कागद काढले. लॉन्ड्री, वसतिगृह, दोन शाळा, शिंपी. कोण किती वर्षं आमचा साबण घेतंय आणि तो काय नावाने मागतं. मेथीच्या जुडीखालून हे सगळं येत होतं तर. मी पुसून टाकलेल्या वर्षांची एवढी माणसं साक्ष देतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

वड्या किसल्याचंही मी सांगितलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मला सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाल्या. "आता घरातलं काहीही किसण्याआधी मला फोन करा." ही इतकी हसली की खोकला लागला.

उत्तर आजच गेलं.

बुधवार, १९ एप्रिल

तीन आठवडे झाले. काहीच नाही. नोटीस होती तेव्हा निदान पंधरा दिवस मोजता येत होते. पोस्टमन दिसला की मी दुकानातून आत जातो. ही म्हणते, "तो विजेचं बिल द्यायला येतो, तुम्हाला न्यायला नाही."

शिक्का मारतोय. वकीलबाईंनी सांगितलंय म्हणून. पण मारताना दार लोटून घेतो.

गुरुवार, ११ मे

पत्र आलं. तीन ओळी. तुमच्या उत्तराची व सोबतच्या कागदपत्रांची नोंद घेतली, आमचे अशील सदर बाबतीत तूर्त पुढील कार्यवाही करू इच्छित नाहीत.

ही म्हणाली, "सुटलो."

मी म्हटलं, तूर्त लिहिलंय. तूर्त म्हणजे किती? वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, माघार घेताना मोठी माणसं असंच लिहितात." पण मग सरळ का लिहीत नाहीत? एका शब्दासाठी त्यांनी मला एवढं घाबरवलं, त्यांना शब्दांची किंमत ठाऊक आहे. उगाच नसेल लिहिलेलं.

एकशे पंचेचाळीस, नव्वद. कमी आहे. यंत्र बिघडलं असावं.

रविवार, १४ मे

तो जुन्या तुपाच्या रंगाचा घाणा न कापता पेटीतच मुरला. मी हात लावला नव्हता. आज हिने तारेची चौकट काढली आणि म्हणाली, "धरा त्या बाजूने." वड्या कापल्या. आत जुन्या साबणाचे कण दिसत होते, पांढरे, पिवळे, काही जवळजवळ तपकिरी. कुठलं साल कुठे आहे ते काही कळत नाही. विकायच्या नाहीत, असं तिने सांगितलं. ज्या सतरा जणांनी लिहून दिलं त्यांना एकेक द्यायची. एक लेकीला पाठवायची, तिचं सालही त्यातच कुठेतरी आहे.

मी शिक्का मारला. दार उघडं होतं. साधा साबण. लिहिला मी तो शब्द.

एक वडी फळीसाठी ठेवली. उलटी केली, खिळा घेतला आणि हात थांबला. हिला विचारलं, "साल कुठलं कोरू? हिच्यात तर सगळीच आहेत."

"कोरू नका काही," ती म्हणाली. "तुम्ही कोरता आणि मग तुम्हालाच त्याची भीती वाटते."

ते खरं आहे. पाहिलं तर फळीवर अजून नुसते रिकामे डबेच आहेत. वडी तिथे ठेवायला गेलो आणि मनात आलं, तूर्त लिहिलंय. उद्या पुन्हा काही आलं तर माझे हात काय करतील ते मी सांगू शकत नाही. स्टुलावरून उतरलो आणि वडी तिच्या हातात दिली.

"तू ठेव," म्हटलं. "आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."

तिने वडी नाकाला लावली, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. कुठलं झाकण उघडतंय ते ऐकू येऊ नये म्हणून मी नळ पूर्ण सोडला आणि ती बाहेर येईपर्यंत हात धूत राहिलो.